काँट्रेल नोंदी, कोल्हापूर: ३६ हजार फुटांची वेस

या नोंदी विमानांमागे उठणाऱ्या पांढऱ्या रेघांच्या, म्हणजे काँट्रेलच्या: अँटेनाने विमानाची उंची घ्यायची, कॅमेऱ्याने रेघ टिपायची आणि हवामान फुग्याच्या तक्त्यातल्या तापमानाशी जुळवायची. या टप्प्यातली मोठी चूक अँटेनात नव्हती, तक्त्यात होती. एडीएस-बीवरून (विमान स्वतःची जागा आणि उंची रेडिओवर सतत सांगतं ती यंत्रणा) येणारी उंची ही खरी उंची नसते. १०१३.२५ हेक्टोपास्कल हा प्रमाण दाब धरून काढलेली ती दाब-उंची असते. हवामान फुग्याच्या तक्त्यात मात्र मीटरचा रकाना खऱ्या उंचीचा. आपल्याकडे २५० हेक्टोपास्कलची पातळी साधारण १०,९०० मीटरवर, म्हणजे ३५,८०० फुटांच्या आसपास असते आणि विमान तिथे ३४,००० सांगतं. फुटाला फूट जुळवला की तापमान चार-पाच अंशांनी उबदार निघतं आणि त्या हिशोबाने जिथे रेघ उठूच नये तिथे ती उठलेली दिसते. आता जुळणी फक्त दाबावर: ३०,००० फूट म्हणजे ३००, ३४,००० म्हणजे २५०, ३८,७०० म्हणजे २०० हेक्टोपास्कल. फुग्याची नोंद पणजीची, ००:०० युटीसीची, म्हणजे आपल्या सकाळी ५:३०ची.

हे दुरुस्त केल्यावर श्मिट-ॲपलमन निकष, म्हणजे रेघ उठेल की नाही हे सांगणारा नियम, नीट बसतो. एक किलो इंधन जळलं की सव्वा किलो पाणी बाहेर पडतं. ते गोठण्याआधी थेंब व्हायला हवं. २०० हेक्टोपास्कलला त्यासाठी हवा दमट असेल तर उणे ४३ अंश सेल्सिअस, अगदी कोरडी असेल तर उणे ५२ लागतं. २५०ला उणे ४१ ते उणे ५०. आपल्या डोक्यावर २५०ला तापमान उणे ४१-४२च्या घरात आणि २००ला उणे ५३च्या आसपास. म्हणून ३४ हजारांवरचं विमान बहुधा कोरं जातं, ३९ हजारांवरचं रेघ ओढतं, आणि खरी गंमत ३५ ते ३७ हजारांत. तिथे निकाल आर्द्रता लावते. युरोपातल्या मंडळींचे आकडे इथे उचलून लावू नयेत. त्यांची वेस बरीच खाली असते.

रेघ उठणं वेगळं, टिकणं वेगळं. तक्त्यातली सापेक्ष आर्द्रता पाण्याच्या हिशोबाची असते. उणे ५०ला ६२ टक्के म्हणजे बर्फाच्या हिशोबाने १०० टक्के. त्याखाली रेघ मिनिटा-दोन मिनिटांत विरते, आर्द्रता त्याहून वर असेल तर पसरून सिरस (उंचावरचा पातळ ढग) होते. इतक्या थंडीत फुग्याचा आर्द्रतामापक मंदावतो, त्यामुळे ५५ ते ७० टक्के हा पट्टा 'संशयित' म्हणूनच लिहावा.

मांडणी: एडीएस-बीच्या १०९० मेगाहर्ट्झला पाव तरंगलांबी ६.९ सेंमी, मधली तार तेवढी आणि खाली ४५ अंशांत चार तारा. दहा मीटर साधी कोॲक्स (अँटेनाची केबल) लावली तर निम्म्याहून जास्त सिग्नल केबलच खाते. डोंगल (सिग्नल पकडणारा छोटा यूएसबी रिसीव्हर) अँटेनाजवळ ठेवावा, पण सावलीत. एप्रिलमधल्या पत्र्याखाली तो तापून भरकटतो. कॅमेरा दर १० सेकंदांनी. विमान तेवढ्यात अडीच किलोमीटर सरकतं, म्हणून घड्याळ एनटीपीवर (इंटरनेटवरून अचूक वेळ जुळवण्याची पद्धत) नसेल तर रेघ भलत्याच विमानाच्या नावावर चढते. दिशेची पडताळणी सोपी: पन्हाळ्याच्या डोक्यावरचं विमान शहरातून क्षितिजापासून तीसेक अंशांवर दिसायला हवं.

रात्र अजून नोंदीत नाही, आणि ती उणीव छोटी नाही. दिवसा टिकाऊ रेघ थोडं ऊन परतवते, रात्री मात्र जमिनीची उष्णता नुसती अडवते. पुढचा प्रयोग पौर्णिमेच्या आसपासच्या रात्रींचा, ८ सेकंदांच्या एक्स्पोजरचा. विमान त्यात रेघोटी होईल. काँट्रेल तिच्यामागे रुंद राहिली तर मोजता येईल.