मनगट दुखते? आधी सीट पाहा

मरीन ड्राइव्हवर पहाटेची फेरी संपवून कट्ट्यावर बसले की मला हमखास विचारला जाणारा प्रश्न तुम्हीही विचारलात: सायकल चालवताना मनगटे दुखतात, तर ग्लोव्हज कोणते घ्यावेत? ग्लोव्हज जरूर घ्या, पण ते खरे उत्तर नव्हे. सायकलवर शरीराचा भार पेडल, सीट आणि हँडल या तिघांत वाटला जातो. पहिल्या दोघांनी आपला वाटा नीट उचलला नाही की उरलेला सगळा तळहातांवर येतो, आणि मग जेलची कितीही जाड गादी लावली तरी दुखणे फार तर थोडे उशिरा सुरू होते.

सीटचे टोक किंचित जरी खाली झुकलेले असेल, तरी माणूस सतत पुढे घसरतो आणि नकळत हातांनी स्वतःला मागे रेटत राहतो. बऱ्याच जणांनी हे टोक मुद्दाम खाली केलेले असते, कारण सीट टोचते. ती पुष्कळदा टोचते प्रमाणाबाहेर उंच असल्यामुळे, म्हणजे जांघेचा त्रास मनगटाच्या गळ्यात बांधला जातो. पेडल सर्वांत खाली असताना त्यावर टाच ठेवली तर गुडघा सरळ व्हावा आणि कंबर एका बाजूला कलू नये, ही उंचीची साधी कसोटी आहे. पातळी पाहण्यासाठी सीटवर एखादे जाड पुस्तक आडवे ठेवून त्यावर गवंड्याची पाणसळ किंवा फोनमधले लेव्हल ठेवावे. मात्र हे इमारतीच्या पार्किंगमध्ये करू नका. पाणी वाहून जावे म्हणून तिथल्या जमिनीला बहुधा उतार दिलेला असतो. घरातली लादी बरी, आणि तीही आधी तपासून घ्यावी.

एवढे करूनही हातांवर भार वाटत असेल, तर सीट काही मिलिमीटर मागे सरकवून पाहा. कंबर मागे गेली की धडाचा तोल तिच्यावर राहतो. पण त्याने हँडलही तेवढेच लांब जाते. कोपर ताठ होऊ लागले, तर आखूड स्टेम, म्हणजे हँडलला पुढच्या फोर्कशी जोडणारा भाग, बसवावा किंवा स्टेमखाली स्पेसर, म्हणजे कड्या, घालून हँडल वर घ्यावे.

त्यानंतर ब्रेकचे लिव्हर. सरळ हँडलच्या सायकलींवर ते अनेकदा जवळजवळ आडवे बसवलेले असतात, त्यामुळे बोटे लिव्हरवर ठेवताना मनगट वरच्या बाजूला मोडते. षटकोनी टोकाच्या ॲलन कीने स्क्रू सैल करून लिव्हर इतके खाली फिरवा, की कोपरापासून बोटांपर्यंत हात एका रेषेत येईल. या कामाला खर्च शून्य, आणि माझ्या मते फरक सर्वांत मोठा.

मुंग्या कोणत्या बोटांना येतात, हेही पाहावे. करंगळी आणि अनामिका बधिर होत असतील, तर तळहाताच्या करंगळीकडील कडेखालची अल्नर नस दबते आहे; अंगठा, तर्जनी आणि मधले बोट असेल, तर मनगटाच्या मधोमध जाणारी मीडियन नस. सायकलवरून उतरल्यावरही बधिरपणा टिकत असेल किंवा पकड सैल पडत असेल, तर फिटिंगचा नाद सोडून डॉक्टरांकडे जावे.

आपल्या रस्त्यांचाही यात हात आहेच. सी लिंकवर सायकलला बंदी असल्याने वांद्र्याहून वरळीला माहीम कॉजवेवरूनच जावे लागते, आणि वाटेतला प्रत्येक खड्डा, प्रत्येक उखडलेला पेव्हर ब्लॉक थेट तळहातात उतरतो. टायरवर छापलेल्या कमाल आकड्यापर्यंत हवा भरण्याचा हट्ट धरू नये. छापलेल्या किमान मर्यादेच्या वर राहून थोडी कमी ठेवावी, आणि कोपरे सैल सोडावीत.

एका वेळी एकच बदल करा, आणि प्रत्येक बदलापूर्वी सीटच्या दांड्यावर इन्सुलेशन टेपची खूण करून ठेवा. सायकल सर्व्हिसिंगहून परत आली की आधी ती खूण पाहावी, कारण दुकानात खाली केलेली सीट पुष्कळदा अंदाजानेच पुन्हा वर चढवलेली असते.