एक रीम, चार पानं

आमच्या पत्रकाचं रजिस्टरवरचं नाव चांगलं लांबलचक आहे. तळाच्या मुद्रक-प्रकाशकाच्या ओळीत ते दर अंकात छापून येतं, पण नागपूरच्या आमच्या महाल भागात ते कुणाच्या तोंडी नाही. सगळे 'चौपानी' म्हणतात. "चौपानी आली का?" "हे चौपानीत टाका ना ताई." आता फोन उचलला की मीसुद्धा तेच म्हणते.

बडकस चौकाच्या मागच्या गल्लीत मामाजींचा, म्हणजे माझ्या सासऱ्यांचा, छापखाना होता. एक ट्रेडल, म्हणजे छपाईचं यंत्र, आधी पायानं चालणारं, पुढं मोटार लावलेलं. लग्नपत्रिका, वर्गणीची पावतीबुकं, हँडबिलं, तेरवीची पत्रं ही कामं. 1996 मध्ये मी लग्न होऊन आले तेव्हा भिंतीला लागून खिळ्यांच्या, म्हणजे शिशाच्या सुट्या अक्षरांच्या, केसेस होत्या आणि ती अक्षरं जुळवणारे एक म्हातारे जुळारी चष्मा कपाळावर चढवून उलटी अक्षरं वाचायचे. लग्नसराईत काही खिळे कमी पडायचे. मग एक पत्रिका छापून, तिचे खिळे सुटे करून, तेव्हा कुठं दुसरी जुळायची. वधूपिता दारात बसून असायचा.

पुढं संगणक आला, मराठी अक्षरजुळणीची श्रीलिपी आली, जुनं मिनी ऑफसेट घेतलं. ट्रेडल भंगारात किलोच्या भावानं गेलं त्या दिवशी मामाजी जेवले नाहीत. आणखी काही वर्षांनी फ्लेक्स आले आणि हँडबिलांचं काम निम्म्यावर आलं. एवढं पुरे, छापखान्यांची ही गोष्ट सगळीकडे सारखीच आहे.

आमच्या धंद्याची खरी अडचण चातुर्मास होती. आषाढी एकादशीला लग्नं थांबतात ती तुळशीच्या लग्नापर्यंत. चार महिने मशीन थंड, मशीनवाल्याचा पगार मात्र चालू. आणि गंमत अशी की महालात, इतवारीत, सक्करदऱ्यात जे काही घडतं ते याच चार महिन्यांत घडतं. नागपंचमी, पोळा, तान्हा पोळा, मारबतीच्या पुतळ्यांची मिरवणूक, गणपती, महालक्ष्म्या, पितृपक्षात भोसल्यांचा हडपक्या गणपती, पोरींची भुलाबाई, नवरात्र, दसऱ्याला दीक्षाभूमी, कोजागिरी. रोज कुठं ना कुठं कार्यक्रम. आणि रोज कुणी ना कुणी दुकानाच्या दारात येऊन विचारायचं, "वहिनी, ते कीर्तन कधी आहे हो? पावतीबुकं तुमच्याकडंच छापली ना त्यांची?"

खरंच माझ्याकडंच छापलेली असायची. म्हणजे मोहल्ल्याची निम्मी बातमी आधी माझ्या टेबलावर येत होती आणि मी ती पावतीच्या गठ्ठ्यात बांधून परत देत होते.

2009 च्या चातुर्मासात मी मामाजींना म्हटलं, एक रीम कागद उरला आहे, दोन्हीकडून छापून मधून घडी घालू. पाचशे कागद, पाचशे अंक, चार पानं. त्यांनी विचारलं, "कायले?" मी सांगितलं, पुढच्या पंधरा दिवसांत इथं काय काय आहे तेवढंच टाकायचं. ते जरा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "आधी घोषणापत्र भर. नावाशिवाय छापलेला कागद म्हणजे निनावी पत्र." तेव्हा 1867 चा कायदा चालू होता. शीर्षक मंजूर करून घ्यायचं, दंडाधिकाऱ्यांपुढं घोषणापत्र करायचं, अंकावर मुद्रक, प्रकाशक, संपादक आणि पत्ता छापायचा. आम्ही पाठवलेली पहिली नावं आधीच कुणीतरी घेतलेली निघाली, म्हणून हे लांबलचक नाव गळ्यात पडलं. आता 2023 चा नवा कायदा 1 मार्च 2024 पासून लागू झाला आहे आणि ही कामं ऑनलाइन होतात. पण तळाची ती ओळ कायम आहे. तिचा अर्थ मला पुढं कळला: चूक झाली की लोक त्याच पत्त्यावर येतात.

ती चूक 2014 ची. एका शाळेत नेत्रतपासणीचं मोफत शिबिर होतं, रविवारी, 11 मे रोजी. मी छापलं 'रविवार, 12 मे'. प्रूफ मीच वाचलं होतं. वार बरोबर, तारीख चूक, आणि डोळा दोन्हींवरून एकदमच घसरला. वार पाहणारे रविवारी गेले, त्यांची तपासणी झाली. तारीख पाहणारे सोमवारी गेले. शाळेला सुट्टी, फाटकाला कुलूप, मेचं ऊन. मला अकरा वाजता कळलं. दोन ऑटो करून गेले तेव्हा फाटकापाशी वीसेक म्हातारी माणसं शेल्याची, दुपट्ट्याची सावली करून बसली होती. कुणी भांडलं नाही, तेच जास्त लागलं. संध्याकाळी त्यांतले एक आजोबा पत्ता शोधत छापखान्यात आले. पाणी मागितलं. पिऊन झाल्यावर म्हणाले, "बाई, आम्ही कॅलेंडर पाहून नाही येत, तुमचं पाहून येतो." आणि गेले.

पुढच्या अंकात पहिल्या पानावर चौकटीत माफी छापली. आयोजकांना भेटून त्या वीस जणांची तपासणी दुसऱ्या दिवशी त्यांच्या दवाखान्यात करून घेतली, ऑटोचे पैसे मी दिले. पण माझी झोप उडाली ती वेगळ्या विचारानं. तोवर मी आयोजक जे लिहून देतील ते छापत होते. आयोजकाला कार्यक्रम हवा असतो, म्हणून त्याला तारीख पक्कीच वाटते. हॉल मिळालेला नसतो, कीर्तनकार दुसऱ्या गावी असतात, परवानगी यायची असते, तरी तो 'निश्चित' लिहितो.

मग खात्रीनं कुणाला ठाऊक असतं? मंडपवाल्याला. त्यानं बयाणा घेतलेला असतो, वहीत तारीख लिहिलेली असते, त्या दिवसाचे बांबू दुसरीकडे दिलेले नसतात. सभागृहाचा कार्यक्रम असला तर तिथल्या चौकीदाराला. मग ते सिव्हिल लाइन्सचं वसंतराव देशपांडे सभागृह असो की रेशीमबागेतलं सुरेश भट सभागृह. देवळाचा कार्यक्रम असला तर फुलवाल्याला. तेव्हापासून आमच्याकडं नियम आहे: वार, तारीख आणि तिथी तिन्ही शेजारी लिहून जुळवायच्या, आणि ज्याचे पैसे किंवा सामान अडकलं आहे अशा एका माणसाला फोन करायचा. आमचे एक मंडपवाले भाऊ आता वैतागून म्हणतात, "ताई, मला काय विचारून राहिल्या? मी इथं खड्डे खोदून राहिलो ना!" हे वाक्य ऐकलं की मी बिनधास्त छापते.

तिथीचा घोळ वेगळाच. पोळा श्रावणी अमावास्येचा, मारबत दुसऱ्या दिवशी पाडव्याला. अमावास्या दोन दिवसांत विभागली गेली की महालात दोन मतं, इतवारीत तीन. आम्ही पंचांगाशी वाद घालत नाही, मारबत कधी निघते ते विचारतो. काळी मारबत 1881 पासून निघते, पिवळी 1885 पासून, त्यामुळं ज्यांच्या घरात ही परंपरा आहे त्यांना दिवस विचारला की विषय संपतो. पिवळी जागनाथ बुधवारीतून निघते, दोघींची भेट नेहरू पुतळ्याजवळ होते, मग 'ईडा पीडा घेऊन जा गे मारबत' करत गर्दी सरकते. बडग्यांची, म्हणजे कुणाची खोड काढायला केलेल्या पुतळ्यांची, बातमी मात्र आजवर मला आधी मिळालेली नाही. कुणावर बडगा केला आहे ते मंडळवाले सकाळपर्यंत सांगत नाहीत, एका पोरानं तर सांगितलं, "काकू, तुम्हाला सांगितलं म्हणजे चौपानीत येते, आणि मग ज्याचा बडगा त्याचा फोन येते." बरोबरच होतं त्याचं. त्याच दिवशी लहान मुलांचा तान्हा पोळा असतो. कुठल्या चौकात किती वाजता लाकडी बैल सजवून न्यायचे, ही ओळ आमच्या अंकात सगळ्यात जास्त वाचली जाते असा माझा अंदाज आहे, कारण तिची वेळ चुकली की आया फोन करतात.

आता धंद्याचं. पहिली दोन वर्षं चौपानी फुकट वाटली. पेपर टाकणाऱ्या मुलांना घडीत घालायचे पैसे द्यायचे, जाहिराती तीन-चार: एक किराणा, एक शिवणक्लास, एक कूलर दुरुस्ती. तोटाच होता. पैसे कुठून येणार हे मला कळलं एका काकांमुळं. ते दर पंधरा दिवसांनी शहराच्या टोकाच्या बेस्याहून स्कूटरवर यायचे आणि पाच अंक घेऊन जायचे. महालातलं वडिलोपार्जित घर वाटण्यांत विकलं गेलेलं, मुलानं बेस्याला फ्लॅट घेतलेला. पाच कशाला, विचारलं. म्हणाले, "आमच्या बिल्डिंगमध्ये महालातले पाच घरं आहेत. तिथं बाजूच्या फ्लॅटमध्ये कोण राहते ते नाही माहीत, पण चिटणीस पार्कवर काय आहे ते तर माहीत पाहिजे ना."

मी इतके दिवस गल्लीत वाटत होते. गल्लीत राहणाऱ्याला बातमी ओट्यावर मिळते. चौपानी हवी होती ती मानेवाडा, हुडकेश्वर, बेसा, वाठोडा इकडे निघून गेलेल्यांना. त्याच महिन्यात वार्षिक वर्गणी सुरू केली, शंभर रुपये, घरपोच. छापखान्यातल्या मुलानं मोपेड घेतली. त्या वर्षी दिवाळीला पहिल्यांदा मशीनवाल्याचा पगार चौपानीच्या पैशांतून निघाला. मामाजींना हिशेबाची वही दाखवली तर त्यांनी बेरीज पुन्हा करून पाहिली.

बाहेर गेलेल्यांसाठी अंक थोडा बदलावा लागला. मिरवणुकीची वेळ दिली की गाडी कुठवर आणता येईल हेही द्यायचं. रामनवमीला पोद्दारेश्वर मंदिराच्या शोभायात्रेत कुठले रस्ते बंद, ते द्यायचं. आणि शेवटच्या पानावर तेरव्या. हे पान कुणाला अशुभ वाटतं. बऱ्याच जणांनी सुचवलं की काढून टाका. पण दूर गेलेला माणूस आधी तेच पान उघडतो. लग्नाला नाही गेलं तर रुसवा होतो, तेरवी चुकली तर आयुष्यभर राहते.

रुसव्यावरून आठवलं: मान्यवर. एका कार्यक्रमाच्या बातमीत आयोजकांनी अठरा मान्यवरांची नावं दिली होती. वेळ आणि ठिकाण कुठं आहे ते मला शोधावं लागलं. तेव्हापासून आधी वेळ, मग ठिकाण, मग कार्यक्रम, आणि जागा उरली तर नावं, जास्तीत जास्त तीन. यावर काही जाहिराती गेल्या, गेल्या तर गेल्या. निवडणुकीत पत्रकं आम्ही सगळ्यांची छापतो, मुद्रकाचं-प्रकाशकाचं नाव टाकून, ते कायद्यानं लागतंच. चौपानीत मात्र कुणाची स्तुती बातमी म्हणून येत नाही. हवी तर वर 'जाहिरात' असं छापून येते. एका भाऊंनी विचारलं, "शब्द लहान नाही का करता येणार?" लहान केला नाही.

2020 मध्ये मार्चपासून सगळं थांबलं. कार्यक्रमच नाहीत तर कसली चौपानी. तेव्हा मुलीनं व्हॉट्सअ‍ॅपवर यादी सुरू केली. एका यादीत 256 जण बसतात, अशा तीन झाल्या. कुठलं औषधाचं दुकान उघडं, कुणाकडे डबा मिळतो, पाणी कधी येणार नाही. आणि पुढच्या एप्रिलमध्ये तेरवीचं पान. त्या महिन्यांबद्दल मला जास्त लिहिता येत नाही. तेरवीला कुणाला बोलवायचं नव्हतं, तरी लोक नाव द्यायचे. कुठं तरी छापून यावं, एवढंच म्हणायचे.

2023 च्या सप्टेंबरात 22 तारखेला महालक्ष्म्यांचं जेवण होतं. आमच्याकडं रात्री उशिरापर्यंत पंगती चालल्या, आंबील उरली होती. मध्यरात्रीनंतर पाऊस कोसळला, अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदी घरांत शिरली. आमच्या गल्लीत पाणी आलं नाही. विसर्जनाच्या वेळांचा अंक छापून तयार होता, तो गठ्ठा तसाच पडून राहिला. सकाळी सहापासून मी आणि मुलगी फोनवर. आणि फोन कुणाला? त्याच मंडपवाल्यांना, सभागृहांच्या चौकीदारांना, केटरिंगवाल्यांना. कुठं खोल्या उघडल्या, कुठं मोठी भांडी आहेत, कुणाकडे ताडपत्री आहे, हे त्यांनाच ठाऊक होतं. नऊ वर्षं तारखा पक्क्या करायला जमवलेले नंबर त्या दिवशी वेगळ्याच कामाला आले. दुपारपर्यंत आठ वेळा यादी बदलून पाठवली. महालक्ष्म्यांचा उरलेला स्वयंपाकही त्यातूनच कुठं कुठं पोचला.

मामाजी आता नाहीत. शेवटपर्यंत अंक हातात घेतला की आधी तळाची ओळ वाचायचे, नाव बरोबर आहे ना. मुलगी मांडणी पाहते. तिला कागद बंद करायचा आहे, मला नाही. सध्या तह असा आहे: वेळा व्हॉट्सअ‍ॅपवर, तेरव्या कागदावर, बाकीचं दोन्हीकडं. छपाई अजून एका रिमचीच, कधी दीड.

या पंधरवड्याचा अंक उद्या मशीनवर जातो. पोळा, तान्हा पोळा, मारबतीचे बंद रस्ते, कन्हानच्या पाइपलाइनच्या कामामुळं एक दिवस पाणी नाही, दोन भजनं, एक रक्तदान. भुलाबाईच्या स्पर्धेचं अजून पक्कं नाही. आयोजक ताई म्हणतात निश्चित आहे, मंडपवाले भाऊ फोन उचलत नाहीत. दुसऱ्या पानावर सहा ओळींची जागा मोकळी ठेवली आहे.