रेघ वर गेली म्हणजे घाट नव्हे

नववीच्या विज्ञानात पहिलाच धडा गतीचे नियम, आणि त्यात ते अंतर-काल आलेख. माझ्या भाचीला सूत्रं पाठ आहेत, उदाहरणं पटापट सोडवते, पण नुसता आलेख समोर ठेवून म्हटलं की आता सांग गाडी काय करतेय, तर म्हणाली चढ चढतेय. तिचं एकटीचंच असं नाहीये, रेघ वर गेली की भल्याभल्यांना घाट दिसतो.

मग म्हटलं चल, घाटच घेऊ. डेक्कन क्वीन, सकाळी सव्वासातला पुण्याहून निघते. आडव्या अक्षावर वेळ, उभ्यावर पुण्यापासूनचं अंतर. लोणावळ्यापर्यंत ६४ किलोमीटर रेघ झकास तिरकी वर जाते, तिथून पुढे कर्जतपर्यंत भोर घाट, गाडी उतरतेय, कान बंद होतायत, पण आलेखात रेघ वरच चाललीय, कारण आपण पुण्यापासून लांबच जातोय ना! फक्त ती जरा आडवी पडते, कारण तिथला उतार ३७ मीटरला १ मीटर आहे, आपल्या टू-व्हीलरला काहीच नाही पण रेल्वेसाठी फार, त्यामुळे गाडी बेताबेताने सोडतात. म्हणजे डोंगर धाडकन खाली आणि आलेख हळूहळू वर. हे बघून ती हसली, आणि मला वाटतं तिथेच तिला कळलं की हा रस्त्याचा फोटो नाहीये.

रेल्वेवाले तर याच आलेखावर जगतात. कंट्रोल ऑफिसात सेक्शनच्या चार्टवर एकेका गाडीची रेघ ओढायचे (आता ते काम कॉम्प्युटर करतो), एक्सप्रेसची रेघ खडी, मालगाडीची लोळलेली, आणि एकाच लाइनवर मागून येणारी खडी रेघ लोळलेलीला कुठे गाठणार ते आधीच कागदावर दिसतं, मग मालगाडीला त्याच्या अलीकडच्या स्टेशनात बाजूला घ्यायचं.

सिग्नलला उभं राहिलं तर रेघ आडवी, पण थांबत नाही, वेळ सरकतच असते. आडवी ठीक आहे, एकदम उभी रेघ मात्र कधीच शक्य नाही, त्याचा अर्थ एकाच क्षणी स्वारगेटलाही आणि शिवाजीनगरलाही. रिक्षावाले "आलोच, दोन मिनिटांत" म्हणतात तेव्हा साधारण तीच रेघ त्यांच्या मनात असावी.

खरा गोंधळ वेग-काल आलेखात. तीच आडवी रेघ, पण इथे गाडी थांबलेली नाही, एकसारख्या वेगाने पळतेय! म्हणून आधी अक्षावर काय लिहिलंय ते वाचायचं, हे मी तिला इतकं सांगितलं की ती वैतागली. आणि या आलेखाची खरी मजा रेघेखाली आहे. समजा मेट्रो वनाझहून सुटली आणि २० सेकंदांत ताशी ७२ किलोमीटरवर गेली, म्हणजे सेकंदाला २० मीटर, तर रेघेखाली त्रिकोण होतो, अर्धा गुणिले २० गुणिले २०, झाले २०० मीटर. क्षेत्रफळ काढलं आणि हातात अंतर आलं. ही युक्ती फ्रान्समधल्या ओरेम नावाच्या पाद्र्याने चौदाव्या शतकात चित्र काढून दाखवली होती, गॅलिलिओच्याही कितीतरी आधी, आणि पोरांना मात्र ती "पाच मार्कांचा प्रश्न" म्हणूनच भेटते.

भाचीने लगेच विचारलं, मग रेघ शून्याच्या खाली गेली तर? म्हटलं गाडी उलटी फिरली, ते क्षेत्रफळ वजा. घरून क्लासला जाऊन परत आलीस तर विस्थापन (म्हणजे निघालीस तिथपासून शेवटी सरळ रेषेत किती लांब आहेस ते) शून्य. "मग पेट्रोलचे पैसे कशाचे मागतेस तू?" असं तिची आई स्वयंपाकघरातून म्हणाली.