थर्माकोलचं मूल

सकाळी संपादकबाईंचा निरोप आला, "पान ९ छान झालंय. पण आईच्या कडेवरचं मूल थर्माकोलचं आहे का?"

आधी मी चिडले. तीन दिवस घातले होते त्या पानावरच्या चित्रावर. मग फाइल उघडली आणि कॅनव्हास आडवा उलटवला. हे खरं तर दर तासाला करायला हवं, पण राहून जातं. स्वतःच्या चित्राकडे बघून बघून डोळा चुकांना सरावतो. डाव्याचं उजवं केलं की तेच चित्र परक्याने काढल्यासारखं दिसतं. दिसलंच. आई खांबासारखी ताठ आणि मूल तिच्या कमरेला चिकटपट्टीने लावलेलं.

मग नेहमीचा उद्योग सुरू. लासोने, म्हणजे हवा तो भाग घेरून निवडायच्या साधनाने, मूल उचललं, जरा खाली घेतलं, तिरकं केलं. चित्र ओल्या मातीसारखं ढकलता येणाऱ्या लिक्विफायने आईची कंबर बाहेर ढकलली, तर मांडी फुगली. मांडी आवळली, तर गुडघा हरवला. दीड तास असा गेला.

वैतागून ॲपने आपोआप टिपलेला टाइमलॅप्स, म्हणजे चित्र काढतानाचा भरभर पळणारा व्हिडिओ, लावला. तो बघणं म्हणजे शिक्षाच होती. आईचं अख्खं शरीर पहिल्या काही सेकंदांत उरकलेलं आणि पुढचा सगळा वेळ डोळे, केस, कपड्यावरची बारीक फुलं. एका जागी तर पडदाभर फक्त एक पापणी. पोझ वेगळ्या लेअरवर, म्हणजे चित्राच्या स्वतंत्र पारदर्शक थरावर आहे, नंतर कधीही हलवता येईल, या भरवशावर मी पुढे पळाले होते.

लाज याची वाटली की फिगरचा, म्हणजे माणसाचं शरीर काढण्याचा, सराव मी रोज करते. ३० सेकंदांच्या दहा पोझ, मग २ मिनिटांच्या पाच. पण त्या फोटोंतली माणसं बहुतेक रिकाम्या हातांनी उभी असतात. त्यातून हाताला एकच पाठ बसलाय: भार ज्या पायावर, त्या बाजूची कंबर वर, खांदा खाली, आणि गळ्याच्या खळगीतून सोडलेला ओळंबा त्याच पायाच्या घोट्याशी. ओझं घेतलेला माणूस मी शेवटचा कधी काढला होता, आठवेना.

दोन वर्षांचं मूल साधारण १२ किलोचं. वजनकाट्यावर ठेवून पिशवीत तेवढी पुस्तकं भरली, डाव्या कडेवर घेतली आणि फोन टायमरवर लावला. कंबर आपसूक डावीकडे सरकली, पिशवीला बैठक मिळाली. धड उजवीकडे कललं आणि डावा खांदा खाली यायचा सोडून चक्क वर चढला! ओळंबा एकट्या आईचा धरून चालतच नव्हता. दोघांचं मिळून वजन पावलांवर यायला हवं. मोकळा हात अंगापासून सुटला होता. शिवाय पिशवी सारखी घसरायची, मग कमरेच्या हिसक्याने ती पुन्हा वर. हा हिसका कुठल्याही रेफरन्स फोटोत मला सापडला नसता.

नवीन लेअर घेतला. एक जाडा ब्रश, झूम बंद, ३० सेकंदांचा गजर. स्टॅबिलायझर शून्यावर आणला. एरवी तो हाताची थरथर गाळून रेघ गुळगुळीत करतो, पण त्यासाठी रेघ पेनच्या मागून रेंगाळत येते आणि हाताचा जोरही त्यात विरतो. शेवटच्या आउटलाइनला ठीक, हिसक्याला नाही. चौदा वेळा काढलं. नववं ठेवलं. रेघा बेंगरूळ होत्या, पण मूल जड होतं.

आता गंमत अशी की धड कललं म्हणून वेणी अंगावरून सुटून सरळ खाली लोंबायला हवी, आणि कपड्याच्या चुण्या कमरेवर दाटायला हव्यात. म्हणजे माझी लाडकी फुलं सगळी बाद. तो लेअर बंद केला; पुसायचा धीर मात्र झाला नाही, अजूनही फाइलमध्ये आहे.

रात्री एक वाजता पान पाठवलं. बाई जाग्याच होत्या. उत्तर आलं, "चालेल. आता पान १४ बघून घ्या."

चौदावर आजोबा पाण्याची बादली घेऊन जिना चढतायत. मी उठले आणि बादली नळाखाली लावली.