दोन फेऱ्यांत बेळगाव: घर बघायचं आणि दातही करून घ्यायचे

पुण्या-मुंबईची भाडी झेपेनाशी झाली, किंवा परदेशातली नोकरी संपत आली, की पुष्कळांना बेळगाव आठवतं. कुणाचं आजोळ इथलं, कुणाची बदलीतली चार वर्षं इथे गेलेली. मग दिवाळीच्या सुट्टीत येऊन घर बघून जाण्याचा बेत ठरतो, आणि तिथेच पहिली चूक होते. नोव्हेंबर ते फेब्रुवारी बेळगाव इतकं गोड असतं की कुठलंही घर पसंत पडतं. शहर समुद्रसपाटीपासून अडीच हजार फुटांवर आहे. थंडीत सकाळी धुकं, दुपारी कोवळं ऊन, नळाला पाणी, भिंती कोरड्या. घर बघायचं तर एकदा एप्रिल-मेमध्ये यावं आणि एकदा जुलै-ऑगस्टमध्ये. पहिल्या फेरीत पाणी कळतं, दुसरीत ओल.

दातांचं मोठं काम करायचं असेल तर तेही याच दोन फेऱ्यांत बसतं. इम्प्लांटचा, म्हणजे कृत्रिम दाताला आधार देणारा स्क्रू हाडात मुरायला खालच्या जबड्यात साधारण तीन महिने लागतात, वरच्यात चार. वरच्या दाढेजवळ हाड कमी असून तिथे भर घालावी लागली, तर सहा महिने धरा आणि पहिली फेरी मार्चच्या सुरुवातीला ओढा. नुसतं रूट कॅनॉल आणि कॅप असेल तर एकाच फेरीत होतं, पण फेरी दहा-बारा दिवसांची हवी. चार दिवसांत घर, दात आणि गोव्याची सहल असं गणित मांडणाऱ्यांचं तिन्हींतलं काहीच धड होत नाही.

यायचे रस्ते सर्वांना माहीत आहेत. पुण्याहून राष्ट्रीय महामार्ग ४८ ने सुमारे ३४० किलोमीटर, कोल्हापूरहून ११०. निपाणीच्या अलीकडे कोगनोळीला हद्द लागते. सीमाप्रश्नावरून वातावरण तापलं की दोन्ही राज्यांच्या बसगाड्या हद्दीवरच थांबतात. २०२२ च्या डिसेंबरात आणि २०२५ च्या फेब्रुवारीत तेच झालं. म्हणून ज्या दिवशी टाके काढायचे किंवा विमान पकडायचं, त्या दिवसासाठी बसवर भिस्त नको, रेल्वेचं तिकीट काढून ठेवा. मिरज मार्गाने येणारी गोवा एक्स्प्रेस आहे, २०२४ पासून पुणे-हुबळी वंदे भारतही आहे. परदेशातून गोव्याला उतरणाऱ्यांना चोर्ला घाट जवळचा, पण पावसाळ्यात त्या रस्त्याची अवस्था विचारूनच निघावं. १ नोव्हेंबरला एकीकडे राज्योत्सव आणि दुसरीकडे काळा दिवस, त्यामुळे त्या दिवशी डॉक्टरची वेळ घेऊ नका. डिसेंबरात इथल्या सुवर्ण विधानसौधात कर्नाटक विधिमंडळाचं अधिवेशन असतं. हॉटेलात खोली मिळत नाही, मिळाली तर भाव चढा. शिवजयंतीच्या चित्ररथांची रात्र बघण्यासारखी असते, मात्र त्या रात्री सुजलेला गाल घेऊन गावाच्या मध्यभागी राहायला असू नये.

पहिल्या फेरीचा क्रम असा ठेवा: आल्या-आल्या दातांची तपासणी, मग दोन-तीन दिवस घरं बघणं, मग शस्त्रक्रिया, मग कागदपत्रं, मग उरलेली घरं, आणि सात ते दहा दिवसांनी टाके काढून परत. याला कारण आहे. दाढ काढल्यावर किंवा स्क्रू बसवल्यावर सूज दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वांत जास्त असते. त्या दिवसांत रिक्षातून खड्डे खात अनगोळ-वडगाव पालथं घालण्यापेक्षा खोलीवर बसून दस्त वाचावेत. दाढ काढलेल्या खळग्यातली रक्ताची गाठ निसटली तर कळ दुसऱ्या ते चौथ्या दिवशी उठते, आणि ती कानापर्यंत जाते. विडी-सिगारेट ओढणाऱ्यांना हा त्रास जास्त होतो. म्हणून दाढ काढून त्याच रात्रीची गाडी पकडू नका. पहिले चोवीस तास जोरात चूळ भरायची नाही, स्ट्रॉने काही ओढायचं नाही. त्यानंतर कोमट मीठपाणी. जेवायला गुरगुट्या भात, ताक, आंबील. कुंदा मऊ असतो हे खरं, पण रवाळ असल्याने नेमका टाक्यात जाऊन बसतो. तो परतीच्या पिशवीत राहू द्या.

शहरात दंत महाविद्यालयं दोन: नेहरूनगरला केएलईचं आणि बॉक्साइट रोडला मराठा मंडळाचं. खाजगी दवाखाने टिळकवाडी, कॅम्प, शहापूर, सगळीकडे. महाविद्यालयात खर्च कमी आणि वेळ जास्त. सकाळी लवकर केसपेपर काढायचा, आधी तपासणी विभाग, तिथून एक्स-रे, मग ज्या-त्या विभागात चिठ्ठी. काम पदव्युत्तर विद्यार्थी करतो आणि प्राध्यापक टप्प्याटप्प्याला येऊन बघतात; त्यामुळे एका दाढेला अर्धा दिवस जातो, पण घाईगडबड होत नाही. परीक्षांच्या दिवसांत वेळा पुढे जातात, तेव्हा येण्याआधी विचारून घ्या. पूर्ण कवळी करायची असेल तर महाविद्यालयच बरं. दोन मापं, चाव्याची नोंद, मेणावर बसवलेल्या दातांची ट्रायल आणि शेवटी कवळी, असे पाच हेलपाटे कुठेही पडतातच. इम्प्लांट आणि कॅपला मात्र तारखा पाळणारा खाजगी दवाखाना सोयीचा. मराठीत बोलायची अडचण दोन्हीकडे नाही.

सोबत आणायचं ते: सहा महिन्यांच्या आतला एचबीएवनसी (मधल्या काळातली सरासरी साखर दाखवणारा रक्ताचा रिपोर्ट), चालू गोळ्यांची यादी, जुने एक्स-रे. एचबीएवनसी आठच्या वर असेल तर चांगला डॉक्टर स्क्रू बसवणं पुढे ढकलतो, आणि तुमची अर्धी फेरी वाया जाते. रक्त पातळ करणारी गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नका. ज्यांनी ती दिली त्यांचं लेखी मत आणा. हाडं ठिसूळ होऊ नयेत म्हणून गोळ्या किंवा वर्षाचं इंजेक्शन घेतलं असेल तर ते आपणहून सांगा. त्यांच्यामुळे जबड्याचं हाड भरून यायला अडचण येऊ शकते, आणि पेशंट नेमकं हेच सांगायचं विसरतात, कारण दाताचा त्याच्याशी काही संबंध असेल असं वाटतच नाही.

खर्चाचा अंदाज लेखी आणि फोडून घ्या. ‘एका दाताचे इतके’ असा आकडा कानाला बरा वाटतो, पण त्यात सीबीसीटी स्कॅन (जबड्याचा त्रिमिती एक्स-रे), स्क्रू, त्यावरचा जोड, हाडाची भर आणि कॅप यांतलं काय धरलं आहे ते विचारा. बहुतेक वेळा जोड आणि कॅपचं बिल दुसऱ्या फेरीत समोर येतं. स्कॅनची फाइल पेनड्राइव्हवर मागून घ्या, नुसता छापील कागद पुरत नाही. आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे स्क्रूच्या डबीवरचं स्टिकर. त्यावर कंपनी, व्यास, लांबी आणि लॉट नंबर असतो. ते तुमच्या फाइलमध्ये चिकटवून घ्या आणि मोबाइलमध्ये फोटो ठेवा. मधल्या महिन्यांत हिरडीवरची छोटी टोपी सैल होऊन हातात येते, असं होतं. ती टाकून द्यायची नाही; टोपी आणि स्टिकर घेऊन जवळच्या दातांच्या डॉक्टरकडे एक-दोन दिवसांत जायचं. उशीर झाला की हिरडी मिटते आणि पुन्हा चीर द्यावी लागते. समोरचा दात काढला असेल तर मधल्या काळासाठी काढता-घालता येणारा तात्पुरता दात पहिल्याच फेरीत करून घ्या. वरच्या जबड्यात हाडाची भर सायनसच्या बाजूने घातली असेल तर सुमारे दोन आठवडे विमान नको आणि नाक जोरात शिंकरायचं नाही. परतीचं तिकीट त्यानुसार काढा.

आता घरं. मराठी वस्ती हवी तर शहापूर, वडगाव, खासबाग, अनगोळ, टिळकवाडी, हिंदवाडी. पश्चिमेला हिंडलगा आणि गणेशपूर. महांतेशनगर, रामतीर्थनगर या बाजूला कन्नड जास्त, रस्ते रुंद. दवाखान्याची वारंवार गरज असलेल्यांनी नेहरूनगर, सदाशिवनगरकडे बघावं, कारण केएलईचं मोठं रुग्णालय शहराच्या उत्तर टोकाला आहे. वडगावातून तिथे जायचं म्हणजे सगळा गाव ओलांडायचा. टिळकवाडीत रेल्वे गेट पडलं की किती वेळ जातो, तो एकदा घड्याळ लावून बघा. भाड्याची घरं ‘तरुण भारत’ आणि ‘पुढारी’च्या छोट्या जाहिरातींत मिळतात, पण गल्लीतल्या किराणा दुकानदाराला विचारलं तर जास्त लवकर.

उन्हाळ्याच्या फेरीत पहिला प्रश्न पाण्याचा. राकसकोप आणि हिडकल इथून शहराला पाणी येतं. काही वॉर्डांत २००८ पासून चोवीस तास नळ आहे. बाकी ठिकाणी मधले दिवस मोजावे लागतात, आणि मे महिन्यात ते वाढतात. घरमालकाला विचारू नका, शेजारणीला विचारा. त्याहून सोपं म्हणजे दारात किती बॅरल उभी आहेत ते बघा. दोन घरांच्या पायरीशी मिळून सहा निळी बॅरल असतील आणि वरच्या फळीवर गुंडाळलेला पाइप, तर उत्तर मिळालं. संपचं, म्हणजे जमिनीखालच्या टाकीचं झाकण उघडून आत टॉर्च मारा: किती लिटर मावतं, तळाला गाळ किती, पाणी वर चढवणारी मोटर भाडेकरूच्या मीटरवर आहे की सामाईक. जुन्या शहापूर-वडगावात परसात विहीर असते. मेमध्ये तिला पाणी असेल तर ते घर चार पैसे जास्त देऊनही घ्यावं.

विजेच्या मीटरवरचा आरआर नंबर, म्हणजे वीजजोडणीचा क्रमांक, टिपून घ्या. कर्नाटकाच्या गृहज्योती योजनेत २०० युनिटच्या आत वापर असलेल्या घरांना ठरवून दिलेल्या सरासरी वापरापर्यंत वीजबिल माफ होतं आणि भाडेकरूलाही ते मिळतं, पण आरआर नंबरला तुमचं आधार जोडलं तर. आधीच्या भाडेकरूचं जोडलेलं असेल तर ते आधी काढायला लावा. बायकांना बसप्रवास फुकट आहे तो कर्नाटकातला पत्ता दाखवल्यावर. महाराष्ट्राचं आधार असेल तर तिकीट काढावं लागतं.

भाडेकरार अकरा महिन्यांचा. ‘लीज’ म्हणून एक प्रकार कानावर पडेल: एकदम मोठी रक्कम द्यायची, महिन्याला भाडं नाही, मुदत संपली की रक्कम परत. ऐकायला छान. पण वर्षापेक्षा जास्त मुदतीचा करार नोंदवलेला नसेल तर तो कोर्टात टिकत नाही, आणि घरावर बँकेचं कर्ज असेल तर तुमच्या रकमेच्या आधी बँक उभी राहते.

विकत घ्यायचं असेल तर गावाबाहेरच्या ‘गुंठ्या’च्या प्लॉटपासून जपून. गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट. शेताचे तुकडे पाडून बाँडपेपरवर विकलेले असे प्लॉट मच्छे, पिरनवाडी, कंग्राळी अशा कुठल्याही बाजूला दाखवले जातात. ग्रामपंचायत हद्दीत मिळकतीच्या नोंदीचे फॉर्म ९ आणि ११ मागा. हातात ११ बी आला तर समजा कागद पूर्ण नाही. शहरात ई-खाता (महापालिकेतल्या मिळकत नोंदीचा ऑनलाइन उतारा) मागा, नोंदणीला आता तो लागतोच. कर्नाटकाच्या दस्तनोंदणी खात्याच्या कावेरी संकेतस्थळावर बोजाचा दाखला (मिळकतीवरचे नोंदलेले व्यवहार आणि कर्ज दाखवणारा) निघतो, पण ऑनलाइन २००४ पासूनचा. त्याआधीचा उपनिबंधक कार्यालयात जाऊन काढावा लागतो. तीस वर्षांचा काढा. फॉर्म १५ आला तर त्यात व्यवहार आहेत, तो ओळ न् ओळ वाचून घ्या. फॉर्म १६ म्हणजे त्या मुदतीत नोंद नाही. खरेदीखत बहुधा कन्नडमध्ये असतं, सहीच्या आधी मराठीत समजून घ्या. कर्नाटकात २०२० पासून शेतकरी नसलेल्यालाही शेतजमीन घेता येते. अनिवासी भारतीय आणि ओसीआयवाल्यांना (परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भारतीय वंशाच्या कार्डधारकांना) मात्र परकीय चलनाच्या कायद्याने शेतजमीन विकत घेता येत नाही, वारशाने आली तरच. बिगरशेती न झालेला गुंठ्याचा प्लॉट कागदावर शेतच असतो, हे दुबईहून आलेल्याला एजंट सांगत नाही.

निपाणी, खानापूर, आणि हद्दीपलीकडे चंदगड तालुक्यातलं शिनोळी हेही बघून घ्या. निपाणी महामार्गावर, कोल्हापूर जवळ. खानापूर रेल्वेवर आणि स्वस्त, पण तिकडचा पाऊस बेळगावच्याही वरचा. शिनोळीत कागद महाराष्ट्राचे आणि बाजार बेळगावचा, ही सोय काहींना मोठी वाटते.

दुसरी फेरी पावसातली. निवडलेलं घर रात्रभर झड लागल्यावर सकाळी बघा. पाऊस पश्चिमेकडून मारतो, म्हणून पश्चिमेच्या भिंतीला आतून गुडघ्याच्या उंचीवर तळहात लावा. रंगाचे पोपडे, पांढरट खार, एकाच भिंतीला ताजा रंग, यांतलं काही दिसलं तर तिथे ओल आहे. भिंतीतल्या कपाटाचं दार उघडून वास घ्या. शेजाऱ्यांनी पश्चिमेला पत्रे किंवा ताडपत्री बांधली असेल आणि या घराला नसेल, तर का नाही ते विचारा. वडगाव-येळ्ळूर बाजूला बळ्ळारी नाल्याचं पाणी शिवारात कुठवर येतं तेही याच दिवसांत दिसतं.

दातांच्या दवाखान्याला मात्र या फेरीला यायच्या दोन आठवडे आधी कळवा, म्हणजे तुमच्या स्क्रूला बसणारा जोड मागवून ठेवता येतो. तो नसला की सगळी फेरी कुरिअरची वाट बघण्यात जाते. पहिल्या दिवशी माप, मग ट्रायल, मग कॅप, आणि कॅप बसल्यावर निदान तीन दिवस गावात राहून भाकरी, शेंगदाणे सगळं खाऊन बघा. चाव्यात एक बाजू आधी टेकत असेल तर ती तेव्हाच घासून घेता येते. शक्य असेल तिथे सिमेंटने चिकटवलेली नको, स्क्रूने बसवलेली कॅप मागा. ती सैल झाली तर लंडन असो की लातूर, स्टिकर दाखवून इम्प्लांट करणारा डॉक्टर वरचं भोक उघडून घट्ट करून देऊ शकतो.

मुक्काम पक्का झाला की गाडीचं बघा. एमएच नंबरची गाडी बारा महिन्यांहून जास्त इथे ठेवायची तर कर्नाटकाचा नंबर घ्यावा लागतो. बेळगावचा केए २२, चिकोडी-निपाणीचा केए २३. आधी मूळ आरटीओची ना हरकत, मग इथला आजीवन कर. महाराष्ट्रात भरलेल्या करातला उरलेला हिस्सा परत मागण्यासाठी जुन्या आरटीओत अर्ज करायचा असतो, त्यासाठी भरल्याची मूळ पावती जपून आणा.