पहिला थांबा

आम्हा ग्रामसेवकांना ग्रामपंचायत अधिकारी असे नवे पदनाम मिळाले असले, तरी सांगोला तालुक्यातल्या वाड्यावस्त्यांवर मी अजूनही भाऊसाहेबच आहे. माझ्याकडे दोन ग्रामपंचायतींचा कार्यभार आहे. घरपट्टीची वसुली, नमुना आठचे उतारे, पाण्याच्या मोटारी जळणे, ही माझी कामे सर्वांना ठाऊक असतात. मी जन्म-मृत्यूचा निबंधकही आहे, हे मात्र दाखला लागेपर्यंत कोणाच्या ध्यानात येत नाही. आमच्याकडे गाव म्हणजे चावडी, शाळा, देऊळ आणि चार दुकाने. माणसे राहतात ती रानात, आपापल्या विहिरीजवळ, आणि ज्या वस्तीची ही हकिगत आहे ती गावठाणापासून सात किलोमीटरवर, ओढ्यापलीकडे आहे.

ऑक्टोबरातल्या एका सकाळी त्या वस्तीवरचे आबा बाजाराच्या पिशवीत कागद घेऊन कार्यालयात आले. त्यांच्या नातीचा जन्म होऊन एकोणीस दिवस झाले होते आणि नोंद कुठेच झालेली नव्हती. रुग्णालयाच्या कार्डावर "बी. बी. ए." अशी तीन अक्षरे होती. बाळ रुग्णालयात पोहोचण्यापूर्वीच जन्मले, एवढाच त्यांचा अर्थ. परंतु त्या अक्षरांच्या आधारे "प्रसूती आमच्याकडे झालेली नाही" असे सांगून त्यांना परत पाठवण्यात आले होते. तेथून ते शेजारच्या ग्रामपंचायतीत गेले, तर "तुमची वस्ती आमच्या हद्दीत नाही" असे उत्तर मिळाले. "तिथं म्हणत्यात हितं जावा, हितं म्हणत्यात तिथं जावा. लेकरू काय हवेत जन्मलं का, भाऊसाहेब?" आबांनी विचारले. एका अर्थाने तसेच झाले होते.

परतीच्या पावसाच्या त्या रात्री ओढ्याला पाणी होते आणि रुग्णवाहिका वस्तीपर्यंत येऊ शकत नव्हती. भावकीतल्या एका पोराने डाळिंबाची क्रेटे उतरवून आपला टेम्पो काढला, मागे दोन वाकळा अंथरल्या, आणि सुनेला घेऊन तिची सासू व आशाताई निघाल्या. बाळ चालत्या टेम्पोतच जन्मले. आशाताईंनी नाळ कापण्याची घाई केली नाही. बाळाला कोरड्या टॉवेलात गुंडाळून आईच्या पोटावर ठेवले आणि रुग्णालय येईपर्यंत हात हलवला नाही. यापेक्षा चांगले त्या अंधारात कोणी काही केले नसते. आशाताईंचा मोबदला मात्र संस्थात्मक, म्हणजे रुग्णालयातल्या, प्रसूतीला जोडलेला आहे. तो त्यांना मिळाला का, हे विचारण्याचे धैर्य मला अजून झालेले नाही.

जन्माची नोंद कुटुंब राहते तेथे होत नाही, घटना घडते तेथे होते. चालत्या वाहनात जन्म झाला, तर वाहन ज्याच्या ताब्यात आहे त्याने पहिल्या थांब्याच्या ठिकाणी माहिती द्यायची, असा नियम आहे. तो मला पाठ आहे याचा थोडा अभिमानही आहे, कारण आमच्या प्रशिक्षणात हा भाग शेवटच्या तासाला झाला होता आणि तेव्हा निम्मे सहकारी चहाच्या टपरीवर होते. एकवीस दिवसांच्या आत नोंद विनाशुल्क होते. त्यानंतर विलंब शुल्क, तीस दिवसांनंतर वरिष्ठांची परवानगी, वर्षानंतर दंडाधिकाऱ्यांचा आदेश. शुल्क फार नसते, परंतु प्रत्येक पायरीला सांगोल्याची एक खेप आणि एक बुडालेला रोज असतो. शिवाय 1 ऑक्टोबर 2023 रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना शाळेपासून पारपत्रापर्यंत जन्मतारखेसाठी हाच दाखला लागतो, आणि दुसरी मुलगी असल्याने मातृवंदना योजनेचे 6,000 रुपये व लेक लाडकी योजनेचा पहिला 5,000 रुपयांचा हप्ताही त्याच कागदावर अडलेला होता.

मी आबांना मोटारसायकलवर मागे बसवून वस्तीवर गेलो. टेम्पोवाला पोरगा हाका मारूनही बाहेर येईना. आपले नाव कागदावर गेले, तर मालवाहू गाडीत माणसे बसवल्याबद्दल पोलीस येतील, अशी त्याला भीती होती. ती समजूत काढण्यात अर्धा तास गेला. मग मी विचारले, "बाळ झाल्यावर गाडी पहिल्यांदा कुठे थांबली?"

"रेल्वेच्या फाटकाला. धा मिनटं उभा हुतो."

फाटक शेजारच्या गावाच्या हद्दीत आहे. मी तिथल्या सहकाऱ्याला तेथूनच फोन लावला. "फाटक लागले म्हणून गाडी उभी राहिली, त्याला थांबा म्हणतात का? आईबाप तुमचे, नोंद तुम्हीच घ्या," असे म्हणून त्याने फोन ठेवला. आमच्या खात्यात कामे टाळणारे बहुधा कायद्याचे शब्द अधिक बारकाईने वाचतात. लेखी देऊन भांडता आले असते, पण मध्ये रविवार होता आणि हातात दोनच दिवस होते.

त्यानंतर माझ्याकडून जे झाले ते असे. मी वैतागून, पहिला थांबा आपल्या हद्दीत असता तर नोंद आत्ता झाली असती, हे सर्वांसमक्ष मोठ्याने बोललो. पोरगा गप्प झाला. त्याने आबांकडे पाहिले आणि म्हणाला, "भाऊसाहेब, त्येच्या आदी वड्यात बंद पडली हुती की गाडी."

"बाळ झाल्यावर?"

"झाल्यावरच."

आतून सासूबाई "वड्याच्या फुडं गेल्यावर..." असे काहीतरी म्हणू लागल्या, तेवढ्यात आबांना जोराचा खोकला आला. आशाताईंचा क्रमांक माझ्या मोबाइलमध्ये होता. मी फोन केला नाही. जन्मस्थानाच्या रकान्यात "इतर ठिकाण" धरून ओढ्याचे नाव लिहिले आणि माहिती देणाऱ्याच्या सहीसाठी पेन पोराच्या हातात दिले. त्याने आपले नाव शाळेतल्यासारखे, वर रेघ ओढून, सावकाश लिहिले. नोंद विसाव्या दिवशी झाली.

परतताना मी ओढ्यात उतरलो. चिखल वाळला होता आणि उतारावर चाक जागीच फिरल्याचा हातभर खोल चर स्पष्ट दिसत होता. गाडी तेथे अडकली होती, याबद्दल आता मला शंका नाही. ती बाळ होण्याआधी अडकली की नंतर, हे त्या चरावरून कळण्याजोगे नव्हते.

या ओढ्यावर मोरी बांधण्याचा ठराव ग्रामसभेने यापूर्वी दोनदा केला आहे. गेल्या महिन्यात तो तिसऱ्यांदा पाठवताना कारण म्हणून मी "ओढ्यात वाहन बंद पडून वाहनातच प्रसूती" असे लिहिले आणि पुरावा म्हणून माझ्याच सहीच्या जन्म दाखल्याची प्रत जोडली.