वर्गातला व्हिडिओ, आदल्या रात्रीची तयारी

ऐरोलीतल्या आमच्या शाळेत मोबाइलचे नेटवर्क केवळ खिडकीपाशी मिळते, त्यामुळे रक्ताभिसरणाचा व्हिडिओ ऐन हृदयाच्या झडपांपाशी अडकला आणि पडद्यावर नुसते वर्तुळ फिरत राहिले, तेव्हा मुलांची करमणूक झाली, माझी मात्र नाही. आता बालभारतीच्या पुस्तकातील क्यूआर कोड मी आदल्या रात्री घरीच स्कॅन करतो आणि २०१७ मध्ये सुरू झालेल्या दीक्षा अ‍ॅपमध्ये तो घटक उतरवून ठेवतो. वर्गात मग इंटरनेट लागत नाही. यूट्यूबच्या अ‍ॅपमध्ये उतरवलेला व्हिडिओ मात्र पेनड्राइव्हवर नेता येत नाही, म्हणून फोनच केबलने प्रोजेक्टरला जोडतो. ४८० पिक्सेलची प्रत बरीच हलकी असते, आणि आमच्या प्रोजेक्टरचा मंद दिवा पाहता १०८० ची स्पष्टता वायाच जाईल.